घरी जोडलेला व्हॉल्व्ह गिटार अँप: हम नक्की कुठून येतोय?

तारजुळवा

नमस्कार मंडळी. फेंडर चॅम्प ५एफ१ च्या सर्किटवर एक छोटा व्हॉल्व्ह अँप जोडलाय. एक १२एएक्स७ (सुरुवातीचा सिग्नल वाढवणारा व्हॉल्व्ह), एक ६व्ही६ (पॉवरचा) आणि रेक्टिफायरला, म्हणजे एसीचं डीसी करायला, ५वाय३, सिंगल एंडेड (पॉवरला एकच व्हॉल्व्ह), साधारण पाच वॅट. किट नाही, चासी स्वतः वाकवून भोकं पाडून केलीय, आत टॅगबोर्ड (पार्ट जोडायची पट्टी). सिरीजला बल्ब लावून पहिल्यांदा सुरू केला, धूर नाही काही नाही, व्होल्टेज सगळी स्किमॅटिकच्या आसपास आहेत (६व्ही६ च्या आतल्या टोकांपैकी प्लेटला ३४५, कॅथोडला १९) आणि आवाज म्हणाल तर अंगावर काटा येतो, हळू छेडलं की स्वच्छ आणि जोरात मारलं की कडेकडेने फाटायला लागतो, हेच तर हवं होतं.

पण हम, म्हणजे सतत चालू असलेली घूं! वाजवत असताना दबतो, पण दोन सुरांच्या मधे लगेच डोकं वर काढतो. व्हॉल्यूम शून्यावर असला तरी एक खालचा सूर चालूच, आणि पॉट (व्हॉल्यूमचं बटण) वर नेला की त्यात अजून एक जरा खरखरीत मिसळतो. गिटार लावा नाहीतर काढा, फरक नाही. १२एएक्स७ बदलून पाहिला, इनपुटला शिल्डेड वायर टाकली, हीटरच्या (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या) वायरी पिळून चासीच्या कोपऱ्यातून नेल्या. थोडं कमी झालं असेल किंवा नुसता भास असेल, सांगता येत नाही. फिल्टरचे कंडेन्सर १६-८-८ मायक्रोफॅरड, स्किमॅटिकप्रमाणे, सगळे नवे कोरे. स्पीकरच्या टोकांना मीटर एसी मिलिव्होल्टवर लावला तर व्हॉल्यूम शून्यावर ३८ आणि पूर्ण वर १४० च्या आसपास दाखवतो.

आता पुढे काय करू? एकाने सांगितलं सगळे कंडेन्सर १०० मायक्रोचे टाक, दुसरा म्हणाला मेन्सची अर्थिंग काढून बघ. कृपया मार्गदर्शन करा.

जुना व्हॉल्व्ह

आधी ते शेवटचं. मेन्सची अर्थिंग काढायची नाही. हम जाणार असला तरी नाही. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी गेलं तर चासी जिवंत होणार, चासी म्हणजे जॅक, जॅक म्हणजे गिटारच्या तारा, आणि तारांवर तुझा हात. ती हिरवी वायर मेन्सच्या सॉकेटजवळ स्वतंत्र बोल्टला, दातेरी वॉशर घालून, घट्ट, आणि त्या बोल्टला दुसरं काहीही नाही.

दुसरं, आत हात घालण्याआधी कंडेन्सर रिकामे कर. पहिल्या कंडेन्सरला समांतर २२० के (किलोओहम), २ वॅटचा ब्लीडर, म्हणजे साठलेला चार्ज रिकामा करणारा रेझिस्टर, कायमचा लाव, म्हणजे बंद केल्यावर अर्ध्या मिनिटात साडेतीनशेचे पाच-सहा व्होल्ट उरतात. तरी मीटर लावून बघायचंच, दर वेळी, कारण ब्लीडरचा सोल्डरचा डाग सुटलेला असू शकतो. आणि स्पीकर न जोडता अँप चालवू नकोस, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जायचा.

आता हम. तू जे केलंस ते चुकीचं नाही, पण जागा माहीत नसताना केलंयस, म्हणून कशाने काय झालं ते कळत नाहीये. तुझ्या वर्णनावरूनच दिसतंय की हम दोन आहेत, आणि दोघांची कारणं वेगळी असणार. चॅम्पमधे व्हॉल्यूमचा पॉट १२एएक्स७ च्या दोन भागांच्या मधे बसतो. शून्यावर दुसऱ्या भागाची ग्रिड (सिग्नल आत घेणारं टोक) ग्राउंडला जाते, म्हणजे शून्यावर जे ऐकू येतं ते तिथून पुढचं आणि पॉटबरोबर वाढतं ते पहिल्या स्टेजचं. इतकं तर आत्ताच मिळालं.

पुढच्या दोन चाचण्या चासी न उघडता होतात. एक, अँप बंद करून सगळे व्हॉल्व्ह काढ, ५वाय३ सुद्धा, आणि मग सुरू कर. आता हाय टेन्शन (व्हॉल्व्हना लागणारं साडेतीनशे व्होल्टचं डीसी) नाहीच, तरी स्पीकरमधे घूं ऐकू आलं तर मेन्स ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र थेट आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधे घुसतंय. नुसता ६व्ही६ काढून हे करू नकोस हां, लोड गेला की व्होल्टेज चढतं आणि ४५० व्होल्टचे कंडेन्सर धोक्यात येतात. दोन, ६व्ही६ आणि ५वाय३ परत लावून फक्त १२एएक्स७ बाहेर ठेव. जे उरेल ते पॉवर स्टेजचं आणि सप्लायचं. दोन्ही वेळी मीटरचा आकडा लिहून ठेव, कानावर जाऊ नकोस, कान दहा मिनिटांत सरावतो.

मंद्र सप्तक

जुना व्हॉल्व्ह काकांना +१. एका बाबतीत मात्र कान मीटरपेक्षा कामाला येतो आणि गिटार वाजवणाऱ्याला तर फुकटात. हम ५० हर्ट्झचा आहे की १०० चा हे ओळखायला खालच्या जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट ठेव, तो जी म्हणजे ९८ हर्ट्झ. हम त्या सुराशी जवळजवळ जुळला आणि दोघांत सेकंदाला दोनेक वेळा हेलकावे आले तर तो १०० हर्ट्झ आहे, म्हणजे रेक्टिफायरनंतरचा, रिपल (डीसीवर उरलेली लहर) किंवा कंडेन्सरच्या चार्जिंगचा करंट. त्याच्याही एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ, म्हणजे थेट मेन्सचा: हीटर, ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र, नाहीतर बाहेरून ग्रिडवर आलेला. जिथे मेन्स ६० हर्ट्झ आहे तिथल्यांनी ६० आणि १२० धरायचं, मग हा जी कामाचा नाही.

मोबाईलवर स्पेक्ट्रमचं अ‍ॅप असलं तरी चालेल पण छोट्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ धड बाहेरच पडत नाही, त्याची दुप्पट-तिप्पट जास्त ऐकू येते, म्हणून नुसती सगळ्यात उंच रेघ बघून निकाल देऊ नकोस, ५० आणि १५० च्या जागी काही आहे का तेही बघ.

तारजुळवा

खूप खूप धन्यवाद दोघांना. ब्लीडर आधी लावला, मग चाचण्या केल्या.

सगळे व्हॉल्व्ह काढून: १ मिलिव्होल्टच्या खाली, कान स्पीकरला लावला तरी जवळजवळ शांत. (दोन्ही ट्रान्सफॉर्मर काटकोनात बसवलेत.)

फक्त १२एएक्स७ काढून: ४३. म्हणजे उलट वाढलं?! आणि सूर तिसऱ्या फ्रेटच्या जी शी अगदी जुळतो, हेलकावे स्पष्ट ऐकू येतात.

सगळं लावून व्हॉल्यूम पूर्ण वर: त्याच १०० च्या वर एक खरखर आणि खाली ५० चा पण आहे असं वाटतं, दोन्ही मिसळलेले.

जुना व्हॉल्व्ह

झकास, ट्रान्सफॉर्मर सुटले, मोठी डोकेदुखी गेली.

१२एएक्स७ काढल्यावर वाढलं ते बरोबरच आहे. आउटपुटवरून दुसऱ्या भागाच्या कॅथोडला २२ के मधून फीडबॅक येतो ना, तो थोडाफार हमही दाबत असतो. व्हॉल्व्ह काढला की फीडबॅक तुटला.

आता हा पहिला हम म्हणजे शुद्ध रिपल. हिशोब करून बघ. तुझा अँप साधारण ४५ मिलिअँप खातोय. पहिल्या कंडेन्सरवरचा रिपल ढोबळमानाने करंट भागिले (१०० गुणिले कंडेन्सर). ०.०४५ भागिले १०० भागिले १६ मायक्रो, आले २८ व्होल्ट पीक टू पीक. प्रत्यक्षात जरा कमी भरतो पण वीसेक व्होल्ट तरी डुलत असणार, आणि चॅम्पमधे आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं वरचं टोक थेट त्याच कंडेन्सरला आहे. पुश-पुलमधे (पॉवरला व्हॉल्व्हची जोडी असते तिथे) हा रिपल प्रायमरीच्या दोन्ही अर्ध्यांत समान आणि उलट जातो म्हणून कटतो. सिंगल एंडेडमधे कटायला समोर कोणी नाही. वाचतोस तो केवळ ६व्ही६ हा बीम टेट्रोड आहे म्हणून, त्याचा प्लेट रेझिस्टन्स ५० के च्या आसपास, ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी ८ के च्या आसपास, म्हणून रिपलचा सातवा-आठवा भागच प्रायमरीवर पडतो. त्याला ट्रान्सफॉर्मरच्या ३० पटीने भागलं की तुझा ४० मिलिव्होल्टचा आकडा बरोब्बर येतो बघ. म्हणजे कुठलाही पार्ट खराब नाहीये. सर्किटच असं आहे, जुन्या चॅम्पमधे छोट्या स्पीकरवर ते चालून जायचं, तू मोठा स्पीकर लावला असशील तर खालचे सूर तो जास्त काढतो.

उपाय म्हणून पहिलाच कंडेन्सर १०० मायक्रो करायचा नाही. ५वाय३ छोटा रेक्टिफायर आहे, प्रत्येक अर्ध्या सायकलला मोठा कंडेन्सर भरायला जो करंटचा धक्का बसतो तो त्याला सोसत नाही, डेटाशीटमधे पहिल्या कंडेन्सरची मर्यादा दिलेली असते ती पाळ. १६ तसाच राहू दे. त्याच्यानंतर एक चोक (लोखंडी गाभ्याची कॉइल) टाक, ५ हेन्री, १०० मिलिअँप चालेल असा, मग नवीन ४७ मायक्रो (४५० व्होल्ट), आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्या ४७ वर घे. बाकी १० के, २२ के ची साखळी तिथूनच पुढे. १०० हर्ट्झला ५ हेन्री म्हणजे तीन हजार ओहमच्या वर आणि ४७ मायक्रो म्हणजे ३४ ओहम, रिपल नव्वदेक पटीने खाली. डीसी मधे जाणार जेमतेम आठ-दहा व्होल्ट. चोक मिळत नसेल किंवा जागा नसेल तर ४७० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर टाक, रिपल चौदा पटीने खाली येतो पण वीसेक व्होल्ट गमावतोस आणि रेझिस्टर गरम होतो, त्याला टॅगबोर्डवरून जरा उचलून बसव, कंडेन्सरला चिकटू देऊ नकोस. चोक सुद्धा लोखंडच आहे, आउटपुट ट्रान्सफॉर्मरला खेटून नको.

दुसऱ्या हमसाठी ग्राउंड कुठे कुठे टेकवलंयस ते सांग.

पत्रा आणि स्क्रू

हेच विचारायला आलो होतो. पॉटबरोबर वाढणारी खरखर, १०० हर्ट्झची पण कडक, म्हटलं की माझा हात आधी ग्राउंडकडे जातो. विशेषतः दोन वायरी कुठे आहेत ते बघ: हाय टेन्शन वाइंडिंगचा सेंटर टॅप (वेढ्यांच्या मधोमध काढलेलं टोक) आणि पहिल्या कंडेन्सरचं निगेटिव्ह.

तारजुळवा

सेंटर टॅप ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखाली, चासीला. फिल्टर कंडेन्सर तिन्ही टॅगबोर्डच्या दुसऱ्या टोकाला आहेत, तिघांची निगेटिव्ह एकत्र करून इनपुट जॅकजवळच्या टॅगला, तोही चासीला. जॅक धातूचा, म्हणजे तोही चासीला. १२एएक्स७ च्या कॅथोडचे रेझिस्टर व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर. हीटरची एक बाजू चासीला, सेंटर टॅप नाहीये त्या वाइंडिंगला.

पत्रा आणि स्क्रू

मग खरखर सापडली. जरा सविस्तर लिहितो कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे अँप शांत होतात.

आपण ग्राउंड म्हणजे शून्य व्होल्ट समजतो आणि जिथे पत्रा दिसेल तिथे टेकवतो. पण पत्रा, वायर, टॅग, सगळ्यांना थोडा थोडा रेझिस्टन्स आहे आणि करंट वाहिला की तिथे व्होल्टेज पडतंच. आता तुझ्या पहिल्या कंडेन्सरमधे करंट कसा जातो बघ. अँप सरासरी ४५ मिलिअँप घेतो, पण कंडेन्सर सतत भरत नसतो, सायकलच्या टोकावर थोडा वेळच भरतो, म्हणून त्या थोड्या वेळात सरासरीच्या कितीतरी पट करंटचा झटका येतो, सेकंदाला शंभर वेळा. झटका टोकदार असल्यामुळे त्यात २००, ३००, ४०० असे वरचे सगळे हार्मोनिक असतात, म्हणून नुसती गुणगुण न येता खरखर येते. हा झटका रेक्टिफायरमधून कंडेन्सरमधे आणि कंडेन्सरच्या निगेटिव्हमधून सेंटर टॅपला परत जातो. तुझ्याकडे निगेटिव्ह इनपुट जॅकपाशी आणि सेंटर टॅप चासीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे परतीचा रस्ता अख्ख्या चासीतून, अगदी जॅक आणि पहिल्या कॅथोडच्या अंगावरून. त्या पट्ट्यात अर्धा मिलिव्होल्ट पडला तरी पहिल्या स्टेजला तो गिटारच्या सिग्नलसारखाच दिसतो आणि ती त्याला मनापासून मोठा करते. १२एएक्स७ कितीही बदल, तो काय करणार.

तर सेंटर टॅपची वायर चासीवरून काढून थेट पहिल्या कंडेन्सरच्या निगेटिव्ह टॅगवर आण, मधे कुठेही न टेकवता, आणि तो पहिला कंडेन्सर उचलून ट्रान्सफॉर्मरच्या जवळ घे. झटक्यांचा फेरा त्या दोन वायरींतच फिरू दे. मग त्या निगेटिव्हवरून एक वायर पुढे: ४७ चं निगेटिव्ह, ६व्ही६ चा कॅथोड रेझिस्टर आणि त्याची ग्रिड लीक (ग्रिडपासून ग्राउंडला जाणारा रेझिस्टर) तिथेच, स्पीकरच्या वाइंडिंगचं ग्राउंडही तिथेच. तिथून पुढच्या कंडेन्सरला, आणि शेवटी १२एएक्स७ ला खाऊ घालणाऱ्या शेवटच्या कंडेन्सरच्या निगेटिव्हला. दोन्ही कॅथोड रेझिस्टर, व्हॉल्यूमचं खालचं टोक आणि इनपुट जॅकचं ग्राउंड या शेवटच्या ठिकाणी. ज्या स्टेजला जो कंडेन्सर करंट पुरवतो तिची परतीची वायरही त्याच कंडेन्सरला, एवढंच सूत्र. आणि ही सगळी माळ चासीला एकाच जागी टेकवायची, इनपुट जॅकपाशी. पॉटच्या पाठीवर डाग देणं बंद, एक तर पाठ गरम करून करून पॉट जातो आणि नट ढिला झाला की ग्राउंड गेलं.

जॅक धातूचा असेल तर त्यालाच ती एक जागा मान, नाहीतर प्लास्टिकच्या बॉडीचा जॅक टाक आणि शेजारी छोटा बोल्ट. शिल्डेड वायरचं शिल्ड एकाच टोकाला जोडलंयस ना? जॅककडे जोड, सॉकेटकडे मोकळं. आणि ६८ के चे ग्रिड रेझिस्टर जॅकवर असतील तर सॉकेटच्या पिनवर आण, पाय अगदी आखूड ठेवून.

मंद्र सप्तक

वरचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी फक्त हीटरबद्दल लिहितो, ५० हर्ट्झवाला बहुतेक तिथला.

एक बाजू चासीला असली की दुसऱ्या वायरवर पूर्ण ६.३ व्होल्ट नाचत असतात, पिळलेल्या असल्या तरी. दोन १०० ओहम, अर्ध्या वॅटचे रेझिस्टर घे, हीटरच्या दोन टोकांपासून एका बिंदूला, झाला सेंटर टॅप. दोन्ही वायरींवर ३.१५ येणार, उलट फेजमधे, म्हणजे शेजारच्या ग्रिडवर एकमेकांना मारतात. चासीची आधीची जोडणी मात्र नक्की काढ, पायलट लॅम्पच्या होल्डरमधूनही एक बाजू नकळत चासीला लागलेली असते, ते मीटरने बघ.

आणि तो मधला बिंदू ग्राउंडला देण्याऐवजी ६व्ही६ च्या कॅथोडला दे. तिथे तुझे १९ व्होल्ट फुकट आहेत आणि २५ मायक्रोचा बायपास कंडेन्सरही आहे. हीटर तापलेला असल्यामुळे तो स्वतःही थोडे इलेक्ट्रॉन सोडत असतो, आणि १२एएक्स७ चा कॅथोड दीडेक व्होल्टवर आहे. हीटर त्याच्यापेक्षा पॉझिटिव्ह ठेवला की हीटरकडून कॅथोडकडे जाणारी गळती थांबते. १२एएक्स७ ला हीटर-कॅथोडमधे १८० व्होल्टपर्यंत चालतं, १९ काहीच नाही.

तारजुळवा

मंडळी, आधी आकडे देतो. एकेक बदल करून प्रत्येक वेळी मोजलं, व्हॉल्यूम पूर्ण वर आणि शून्य असं.

सेंटर टॅप आणि ग्राउंडची माळ: पूर्ण वर १४० वरून ५५. खरखर गायब, अक्षरशः गायब, उरला तो गोल सूर. शून्यावर ३८ चे ३६, म्हणजे काका म्हणाले तसं ते वेगळंच प्रकरण.

हीटरचे १०० ओहम, मधला बिंदू ६व्ही६ च्या कॅथोडला: पूर्ण वर ३९, शून्यावर ३६ च. पायलट लॅम्पच्या होल्डरमधून एक बाजू खरंच चासीला लागत होती, होल्डरखाली फायबरचा वॉशर घातला.

चोक आणि ४७: शून्यावर २, पूर्ण वर ९. प्लेटला आता ३३७.

स्पीकरपासून हातभर अंतरावर व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवला तर अँप चालू आहे की बंद ते दिवा बघून कळतं. सूर थांबला की त्याची शेपूट ऐकू येते, तार विझेपर्यंत, आधी ती हममधे बुडून जात होती. याच्यासाठी तुम्हा तिघांचे आभार कसे मानू कळत नाही.

एक उरलंय. गिटार लावली आणि पिकअप सिंगल कॉइलवर ठेवला की ५० चा परत येतो, बराच. अँपमधे अजून काही राहिलंय का?

जुना व्हॉल्व्ह

अभिनंदन! एकेक करून मोजलंस हे फार आवडलं, पुढे कोणाला हाच त्रास झाला तर त्याला कशाने किती फरक पडतो हे दिसेल.

गिटारचा व्हॉल्यूम शून्य केलास आणि हम गेला तर अँपचा संबंध नाही. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढे, आसपासचं प्रत्येक क्षेत्र ती उचलणार. खुर्चीत बसल्या बसल्या गोल फिरून बघ, एका दिशेला हम एकदम खाली जाईल, आणि अँपच्या मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला बसू नकोस, चार-पाच फूट लांब सरक. तारांना हात लावल्यावर हम कमी होत असेल तर ते क्षेत्र चुंबकीय नाही, इलेक्ट्रिक आहे, मग गिटारच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून ती ग्राउंडला जोड, त्याने फरक पडेल. चुंबकीय हमला मात्र ती पट्टी काही करत नाही, तिथे हमबकर (दोन उलट कॉइलचा पिकअप) किंवा उलट वेढ्यांचा मधला पिकअप जोडीला घेणं हाच उपाय.

आणि नवीन ग्राउंडच्या माळेचे डाग एकदा लाकडी काडीने हलवून बघ, अँप चालू ठेवून, एक हात पाठीमागे. कुठे कडकड आली तर तो डाग परत मार.